स्पेसबार सोडा, टॅब धरा

अंबाजोगाईत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात, "दादा, घरीच टाइप केलंय, नुसती प्रिंट मारून द्या की." वर्डची फाइल उघडावी तर तारीख उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवलेला, नवं पान आणायला एंटरवर एंटर. वर एक ओळ वाढवली की खालचं सगळं घसरतं आणि अर्जदाराची सही एकटीच पुढच्या पानावर जाते.

असल्या फाइलवर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा. स्पेसच्या जागी ठिपके दिसतील, एंटरच्या जागी उलट्या पीसारखी खूण. मग जास्तीचे ठिपके आणि खुणा पुसा. ओळ उजवीकडे हवी तर कंट्रोल-आर, मधोमध हवी तर कंट्रोल-ई. एकाच ओळीत दोन गोष्टी लांब ठेवायच्या तर टॅब. नवं पान पाहिजे तर कंट्रोल-एंटर, याला पेज ब्रेक म्हणतात. ठरावाचा नवा नंबर न पडता फक्त ओळ बदलायची असेल तर शिफ्ट-एंटर.

कट, कॉपी, पेस्ट सगळ्यांना येतं. एवढंच, की व्हॉट्सॅपवरून किंवा वेबवरून उचललेला मजकूर आपला रंग-आकार सोबत आणतो. राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. चुकलं तर कंट्रोल-झेड.

सेव्ह आणि सेव्ह ॲज यांत मात्र लोक फार गफलत करतात. मागच्या ग्रामसभेचा ठराव उघडायचा, त्यातच नवा लिहायचा आणि सेव्ह मारायचं. जुना गेला! म्हणून उघडल्या उघडल्या आधी एफ-१२ दाबा, नवं नाव द्या, मगच एक अक्षर बदला. नाव 'न्यू फायनल २' नको. '२०२५-०८ ग्रामसभा ठराव' असं दिलं की फायली आपोआप ओळीनं लागतात. लिहिता लिहिता कंट्रोल-एस चालू ठेवा, आपल्याकडं लाइटचा काही भरवसा नाही.

आता फाइंड-रिप्लेस, म्हणजे कंट्रोल-एच. वाटणीपत्रात 'राम'चा 'श्याम' करायला कुणी 'रिप्लेस ऑल' दाबलं, तर आत्मारामाचा आत्माश्याम होतो, तुकारामाचा तुकाश्याम. पूर्ण शब्दच शोधायची खूण केली तर 'रामने', 'रामला' सुटून जातात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. तेव्हा 'फाइंड नेक्स्ट'नं एकेक बघत बदला. वेळ लागतो, पण सातबाऱ्याच्या नावाशी खेळ नको.

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल आली आणि फॉन्ट 'मंगल' केला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. आत साठवलेलंच वेगळं असतं. फॉन्ट बदलून काही होत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत, करून घ्यावं लागतं. त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

दुकानात येताना पीडीएफ करून आणा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर ओळी हलत नाहीत. मूळ फाइलही सोबत ठेवा. खिडकीवरच्या बाबूनं "इथं वय टाका" म्हटलं, तर दुरुस्ती तिच्यातच करायची असते.