अ‍ॅक्सेस फॉर्ममध्ये नाव टाकून रेकॉर्ड शोधा

फॉर्मच्या हेडरमध्ये टेक्स्ट बॉक्स घ्या आणि त्याचा कंट्रोल सोर्स (बॉक्स कोणत्या फील्डला जोडलाय ते ठरवणारी प्रॉपर्टी) रिकामाच ठेवा. तिथे फील्डचं नाव राहिलं, तर शोधायला टाइप केलेला शब्द समोरच्या रेकॉर्डमध्येच लिहिला जातो. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बॉक्सच्या आफ्टर अपडेट इव्हेंटमध्ये (बॉक्समधला मजकूर बदलल्यावर चालणारा कोड), बॉक्स रिकामा नसेल तरच, रेकॉर्डसेटक्लोनवर, म्हणजे फॉर्मच्या रेकॉर्डांच्या प्रतीवर, फाइंडफर्स्ट चालवा; ते निकषात बसणारा पहिला रेकॉर्ड शोधतं. नोमॅच ट्रू आलं, म्हणजे काही सापडलं नाही, तर संदेश दाखवा, नाहीतर क्लोनचा बुकमार्क (रेकॉर्डची जागा सांगणारी खूण) फॉर्मच्या बुकमार्कला द्या, म्हणजे फॉर्म त्या रेकॉर्डवर जातो. निकषात मजकूर एकेरी अवतरणात, आकडा अवतरणाविना. डिसूझासारखं आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते, ती बंद होणारं अवतरण समजली जाते आणि कोड तिथेच अडतो. म्हणून रिप्लेस फंक्शन वापरून एका अपॉस्ट्रॉफीच्या जागी आधी दोन करा. फॉर्मला फिल्टर लावलेला असेल, तर शोध तेवढ्याच रेकॉर्डांत होतो.