कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या कानांनी फंक कसं ऐकावं

माझे कान हळवे आहेत. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की किडक्या दाढेवर गार पाणी लागावं तशी कळ कानातून जाते. डॉक्टर याला हायपरॲक्युसिस म्हणतात. अशा माणसाला सल्ले ठरलेले असतात: संतूर ऐक, बासरी ऐक, पावसाचा आवाज लाव. फंकचं, म्हणजे ठसकेबाज ताल आणि बासवर चालणाऱ्या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताचं, नाव कोणी काढत नाही. मला मात्र फंक आणि त्याचं भावंड सोल, म्हणजे तिथलंच भावनेने ओथंबलेलं गाणं, मनापासून आवडतं, आणि माझ्यासारख्या कानांना ते झेपतं, हे मी खात्रीने सांगते. त्यात शिरायचं कसं, तेवढं ठाऊक हवं.

एकच गाणं घेऊन सांगते. अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरचं 'सुपरस्टिशन', १९७२ सालचं, 'टॉकिंग बुक' या अल्बममधलं.

आधी तयारी. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर हे गाणं लावूच नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत. उरतो तो वरचा टोकदार भाग, आणि आपल्याला टोचतो तोच. बऱ्यापैकी बास देणारा स्पीकर चार-पाच हात लांब ठेवा. पडदे, गाद्या असलेली खोली उत्तम; रिकाम्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात. इअरफोन सुरुवातीला नकोतच, कारण आवाजापासून मागे सरकायला जागाच उरत नाही. आवाज किती ठेवायचा? शेजारच्या माणसाशी नेहमीच्या पट्टीत बोलता आलं पाहिजे, इतकाच. आणि तो गाण्याच्या मधल्या, भरलेल्या भागावर ठरवा. सुरुवातीला नुसते ड्रम्स असतात. त्यावर ठरवलात तर पुढे सगळी वाद्यं आली की हात घाईघाईने बटणाकडे जाईल.

इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायची सोय, असेल तर २००० ते ५००० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घ्या, तीन-चार डेसिबल पुरे. माणसाचा कान साधारण याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि स्नेअर ड्रमचा (ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) कडकडाट, ट्रम्पेटची धार यांचा बराच भाग तिथेच येतो. बास मात्र कमी करू नका. स्पीकर ठेवलेल्या टेबलावर तळहात ठेवून पाहा. कानाला जड जाणारी लय हाताला अजिबात जड जात नाही.

आता गाणं. पहिली जवळपास दहा सेकंदं फक्त ड्रम्स, तेही स्टीव्हीने स्वतः वाजवलेले. पायाचा ड्रम सरळ चालतो, हाय-हॅट (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) किंचित झुलतो, आणि स्नेअरचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपल्या कानांना खरा त्रास होतो तो या फटक्याचा. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आकसतो आणि कानाचं थोडंफार रक्षण करतो. पण आकसायला त्याला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो. तोवर स्नेअरचा फटका पडून गेलेला असतो. म्हणजे कानाला बेसावध गाठलं जातं.

यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो: तो फटका कधी येणार हे शरीराला आधी कळू द्या. 'एक, दोन, तीन, चार' मोजा आणि 'दोन' व 'चार'वर स्वतः हलकी टाळी द्या. आपला हात भजनाच्या सवयीने 'एक'वर जाईल, त्याला थोडं वळवावं लागतं. एकदा जमलं की स्नेअर तुमच्या टाळीबरोबर येतो. स्वतः केलेला आवाज मेंदूला सौम्य वाटतो, म्हणून तर आपल्याच हातून आपटलेलं दार कमी लागतं. ही दहा सेकंदं तेवढ्यासाठीच परत परत ऐका. पुढे जायची घाई नको.

मग क्लॅव्हिनेट येतं. होनर कंपनीचं हे विजेवर चालणारं वाद्य. पट्टी दाबली की तिच्याखालचं रबरी टोक तारेला खालच्या धातूवर दाबतं, आणि बोट उचलताच तारेला गुंडाळलेली लोकर आवाज मारून टाकते. त्यामुळे सूर तुटक, चटकदार येतो, मागे शेपूट राहत नाही. घुमत राहणाऱ्या आवाजाने ज्यांना गुदमरायला होतं, त्यांना हे आवडेल, कारण सुरासुरांमध्ये चक्क शांतता आहे. मी तर त्या फटींकडेच कान लावते. खालून 'मूग' नावाच्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्याचा, बास सुरू झाला की बसायला जमीन मिळते.

गाण्याच्या ध्रुवपदाकडे जाताना ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जोर करतात. वाजवणारे दोघेच, पण धार मोठी. इथे कान आखडले तर आवाज थोडा उतरवा, लाजू नका. मान आणि जबडा सैल आहे का बघा. माझा जबडा नेहमी इथेच आवळला जातो.

दुखलं तर थांबा. कळ किंवा कानातला गुंजारव गाणं संपल्यावरही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला किंवा ऑडिऑलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दाखवा. आणि दिवसभर कानात बोळे घालून वावरू नका, त्याने हळवेपणा वाढू शकतो.

सोलकडे वळायचं तर बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन', १९७१. दोन मिनिटांच्या थोडंसंच पुढे जाणारं. त्यात 'आय नो' हे शब्द सलग २६ वेळा येतात, आणि तेव्हा बाकीची वाद्यं मागे सरतात. काहींना हे घोळवणं शांतवतं. ज्यांना एकच आवाज पुन्हा पुन्हा आला की चीड येते, त्यांनी तेवढा तुकडा ओलांडावा. जेम्स ब्राउनचं 'आय गॉट यू' मात्र सर्वांत शेवटी घ्या. ते थेट किंकाळीनेच सुरू होतं, सावध व्हायला पळभरही देत नाही. ऐकायचंच तर पहिली काही सेकंदं सोडून लावा.

घरातल्या हळव्या कानांच्या माणसाला तुम्ही गाणं ऐकवत असाल, तर आवाजाचं बटण त्याच्या हातात द्या. आता ड्रम्स येतील, आता ट्रम्पेट, असं आधी सांगत चला. त्याने मध्येच बंद केलं तर 'अरे, खरी मजा पुढेच आहे' असं म्हणून पुन्हा लावू नका.