मदत संस्थेच्या ड्युटी टीममध्ये नवीन आलात? या चुका टाळा

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या गावांत 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी शिरलं, तेव्हा मदतीला माणसं कमी पडली नाहीत. गोंधळ झाला तो अमुक कामाला नक्की कोण गेलंय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं म्हणून. पूर नसतानाही बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूरकडं हेच चाललेलं बघतो.

"ग्रुपवर टाकलंय की"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. निपाणी स्टँडवर संध्याकाळी एक आज्जी एकट्याच बसलेल्या चहावाल्याला दिसल्या. त्यानं एका संस्थेला फोन केला. ड्युटीवरच्या पोरानं नाव, ठिकाण ग्रुपवर टाकलं आणि पाळी संपली म्हणून घर गाठलं. मेसेजखाली अंगठ्यांची रांग लागली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी गेला असणार. सकाळी चहावाल्याचा परत फोन, "ओ सर, आज्जी अजून हितंच हायेत की!" त्यांच्या पिशवीत मधुमेहाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. रात्रभर पोटात ना गोळी, ना अन्न. स्टँडवरून थेट दवाखान्यात भरती करावं लागलं.

माझी सवय सांगतो. पुढच्या पाळीच्या माणसाशी बोलल्याशिवाय मी ड्युटी सोडत नाही. मदत हवी असलेला माणूस कुठं आहे, आत्ता त्याच्याजवळ कोण आहे आणि पुढं काय करायचंय, हे पुढच्या पाळीवाल्याच्याच तोंडून परत म्हणवून घेतो. मग वहीत वेळ घालून दोघांच्या सह्या. नव्या पोरांना वही जुनाट वाटते. वाटू दे. पुढच्या पाळीवाल्याला फोन लागेपर्यंत केस माझी.

सापडलेलं मूल परस्पर घरी पाठवणं

घाई करणाऱ्यांची ही आवडती चूक, आणि आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात फार होते. बेळगावात सापडलेलं पोर "मी कोल्हापूरचा" म्हणालं की लगेच कुणीतरी तिकीट काढून त्याला गाडीत बसवतं. पोर घरातूनच मार खाऊन पळालं असेल तर? बरोबर आलेला 'मामा' मामा नसेल तर? 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढं उभं करावं लागतं. आपल्या हद्दीत सापडलं तर आपल्या जिल्ह्याच्या समितीपुढं न्यायचं. घर पलीकडं असलं तर तिथल्या समितीकडं सोपवायचं की कसं, हे तीच ठरवते. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, पोलिसांना कळवा, पोराला खायला घाला आणि थांबा. हे थांबणंही ड्युटीच आहे.

मुलाचा फोटो स्टेटसला लावू नका. त्याच कायद्याच्या 74 व्या कलमानं ओळख उघड करायला बंदी आहे.

सीमेवरच्या बाची किंवा कोगनोळीच्या बाजूला मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, पण कंट्रोल रूम वेगळी. म्हणून आधी राज्य, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव सांगा.

आपल्याकडं पोलीस ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मारहाण झालेली बाई मराठीच बोलत असेल, तर सहीआधी तो तिला मराठीतून ओळ न् ओळ वाचून दाखवायला सांगा. "काय लिहिलंय ते आपल्याला माहीतच आहे" म्हणत सही मारायला लावणारे कार्यकर्ते मी बघितलेत. नवरा कशानं मारतो, किती दिवसांपासून मारतो, पोरं कुणाजवळ आहेत, असले तपशील गाळले गेले की पुढं तिलाच जड जातं. कन्नड नीट वाचणारं एक तरी माणूस प्रत्येक पाळीत ठेवा.

आणि लागोपाठ दुसरी रात्र कुणालाच देऊ नका, स्वतःहून मागितली तरी. पहाटे तीनला आलेल्या फोनवर जागरणानं चिडलेला माणूस गावाचं नाव विचारायला विसरतो.