लव्हबर्ड पिसं उपटतोय? आधी डोकं बघा
छाती-पाय उघडे, पण डोक्याची पिसं शाबूत असतील तर पक्षी स्वतःच उपटतोय. डोकंच टकलं दिसलं तर बहुधा जोडीदाराचं काम; दोघांना शेजारी, पण वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. उवांचा स्प्रे लगेच मारू नका, पिसं जाण्याचं कारण बहुतेकदा वेगळंच असतं. नुसत्या राळा-सूर्यफुलावर अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्वचा बिघडते. रोज किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला द्या. पिंजरा एसीसमोरून हलवा, सकाळी कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. रात्री 10 ते 12 तास अंधार हवा. वन-रूम-किचनमध्ये उशिरापर्यंत टीव्ही चालतो, तिथेच गाडं अडतं. कुरतडायला नारळाची धुतलेली झावळी द्या. तेल-हळद अजिबात नको, पिसं चिकटतात. रक्त दिसलं तर थेट मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचा दवाखाना) गाठा.