पानातलं कायटिनेज बुरशीला रोखतं का? प्लेटवरची तपासणी

कायटिनेज म्हणजे बुरशीच्या भिंतीतलं कायटिन तोडणारं प्रथिन. पानात त्याच्या जनुकाचं आरएनए वाढलेलं दिसलं, तरी प्रथिन बुरशी अडवतंय हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी अर्क काढून तो बुरशीसमोर ठेवावाच लागतो.

नुसत्या जखमेनेही ही जनुकं जागी होतात, म्हणून पान तोडताच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. १ ग्रॅम पान त्यातच कुटा आणि पूड वितळायच्या आत ३ मिली गार बफर घाला : ५० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ५.२, १ मिलिमोलर पीएमएसएफ (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारं रसायन). पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होतं, ते आयत्या वेळीच मिसळा. सोबत २० मिलिग्रॅम पीव्हीपीपी (पानातली फिनॉल नावाची रसायनं शोषणारी पूड) हवंच. ते राहिलं तर अर्क तपकिरी होतो, त्यातले फिनॉल स्वतःच बुरशी रोखतात आणि श्रेय फुकट प्रथिनाला जातं. ४ अंशांवर, सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून वरचा निवळ भाग घ्या. रात्रभर गार डायलिसिस करा (पडद्याच्या नळीतून बारीक रेणू बाहेर जाऊ द्या), ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि मगच ब्रॅडफर्डच्या रंगचाचणीने प्रथिन मोजा, कारण काही प्रथिन गाळणीला चिकटून राहतं.

पीडीएच्या (बटाटा-डेक्स्ट्रोज अगर) प्लेटच्या मधोमध बुरशीचा ५ मिमी तुकडा ठेवा. ट्रायकोडर्मा चटकन प्रतिसाद देते, सुरुवातीला तीच घ्या. वाढ ३-४ सेंमी झाली की कडेपासून ५ मिमी पुढे कागदी चकत्या मांडा. दोन चकत्यांवर ५० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रथिन, उरलेल्यांवर नुसता बफर, तेवढंच बीएसए (गायीच्या रक्तातलं, बुरशीला न रोखणारं प्रथिन) आणि १० मिनिटं उकळलेला अर्क. उकळलेली चकती सर्वांत महत्त्वाची. तिच्याभोवतीही वाढ थांबली, तर काम कायटिनेजचं नाही. फिनॉल असतील किंवा डिफेन्सिन, म्हणजे बुरशी रोखणारं, उष्णता सोसणारं छोटं प्रथिन. (डिफेन्सिनच शोधायचं असेल, तर १२ किलोडाल्टनची डायलिसिस नळी चालणार नाही. जेमतेम ५ किलोडाल्टनचं हे प्रथिन तिच्यातून निसटतं.)

प्लेट २५ अंशांवर ठेवून दर १२ तासांनी बघा, कारण उशीर केला तर बुरशी चकतीवर चढून खूण पुसते. प्रथिन चालत असेल, तर चकतीसमोर वाढीची कड चंद्रकोरीसारखी आत वळते. तिथले धागे सूक्ष्मदर्शकाखाली धरा : टोकं फुगलेली किंवा फुटलेली दिसतात. नवं, उघडं कायटिन वाढत्या टोकाशीच असतं, घाव तिथेच बसतो.

काहीच दिसलं नाही, तर त्याच चकतीवर बीटा-१,३-ग्लुकानेजही (भिंतीतलं ग्लुकान तोडणारं विकर) द्या. कित्येक बुरशींवर ही जोडीच लागू पडते. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर मात्र कायटिनेज तपासू नका. तो आणणाऱ्या फायटोफ्थोराच्या भिंतीत मुख्यतः कायटिन नव्हे, तर ग्लुकान आणि सेल्युलोज असतं.