बेरीज ८९च का येते?

इंदूरच्या माझ्या भाचीच्या एमएस्सी प्रकल्पात एकेरी आणि जोडताऱ्यांची (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची) संगणकावर कृत्रिम लोकसंख्या तयार करायची होती. प्रोग्राम विनातक्रार चालायचा, पण १०० तारासंस्था मागितल्या की हिशेब लागायचा ८९चाच. "मामा, बाकीच्या गेल्या कुठं?"

गोम आकड्यांतच होती. सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी राघवन आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या पाहणीतलं (४५४ तारे) प्रमाण घेतलं होतं: एकेरी ५६ टक्के, जोड ३३, त्रिक ८, चार किंवा जास्त ३. प्रोग्रामला जोडाच्या पुढचं काही येतच नाही, म्हणजे ११ टक्के गुल.

भाचीनं सरळ ८९नं भागलं. एकेरी ६३, जोड ३७. बेरीज जमली, पण मला काही पटेना. शंभरात ५६ एकेरी होते, ते फुकटचे ६३ झाले की! मग त्रिकं-चौकं जोडांतच मिळवली: ५६ आणि ४४. वाड्यात चार बिऱ्हाडं असली आणि फॉर्मात जागा दोघांचीच असली, तर दोन लिहावीत, वाडाच कशाला खोडायचा?

टाइप वन-ए सुपरनोव्हा (ताऱ्यांच्या स्फोटांचा एक प्रकार) जोडताऱ्यांतूनच होतात, तेव्हा ३३, ३७ की ४४ यावर त्यांचा दर चांगलाच हलतो. शिवाय हा दर सौर वस्तुमानामागे (सूर्याएवढ्या वस्तुमानामागे) काढायचा तर सोबत्यांचं वस्तुमानही भाजकात हवं. संस्थेमागे तारे आधी १.३७ होते, आता १.४४.

हे प्रमाण ताऱ्याच्या वस्तुमानानुसार बदलतं. लाल बटूंत (लहान, थंड ताऱ्यांत) साधारण पाव संस्थाच बहुतारा, ओ ताऱ्यांत (सर्वांत जड, तप्त ताऱ्यांत) बहुतेक सगळ्या. म्हणून प्रत्येक वस्तुमान-गटाची बेरीज वेगळी तपासणारी ओळ घातली. ती १ (म्हणजे १०० टक्के) आली नाही की प्रोग्राम तिथेच थांबतो.