पावसाळ्यात घरात ट्रेनर लावताय? मग या चुका टाळा

ट्रेनर म्हणजे सायकलचं मागचं चाक रोलरवर टेकवून घरात जागच्या जागी पेडल मारायचं स्टँड. त्यावरचे बहुतेक व्हिडिओ थंडीच्या देशांतले असतात. बाहेर बर्फ, त्यामुळे तळघरात सायकल, आणि खिडकी थोडी उघडली की झालं. आपल्याकडे उलटं आहे. मुंबईत थंडीच्या दिवसांत लोक पहाटे मरीन ड्राइव्ह नाहीतर आरे गाठतात, कारण तेव्हाच तर सायकलिंगला खरी मजा येते. आपलं घरात बसणं पावसात. हवामान खात्याच्या सरासरीनुसार पाऊस मुंबईत ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे जवळजवळ चार महिने ट्रेनर. आणि दर जूनमध्ये तेच फोन, त्याच तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंख्याशिवाय बसणं. ‘छतावरचा पंखा आहे ना’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. छताचा पंखा तुमच्या डोक्यावर वारा टाकतो, छाती-पोटावर नाही. पेडलवर १५० वॅट निघत असतील तर शरीर त्याच वेळी साधारण ५०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, कारण आपण खाल्लेल्या ऊर्जेचा पाव भागही पायापर्यंत पोचत नाही. रस्त्यावर ही उष्णता समोरचा वारा घेऊन जातो. जुलैच्या दमट हॉलमध्ये घाम सुकतच नाही, नुसता ओघळतो. मग वीस मिनिटांत हृदयाचे ठोके चढतात, वॅट पडतात आणि माणूस म्हणतो, ‘माझा फिटनेस गेला.’ फिटनेस कुठे जात नाही हो, पंखा आणा. मोठा पेडस्टल फॅन, समोरून, छातीच्या उंचीवर, फुल स्पीडवर. एसी असेल तर ड्राय मोडवर आधी खोली कोरडी करून घ्या. पाऊस कोसळत असताना ‘ताजी हवा’ म्हणून खिडकी उघडलीत तर बाहेरची सगळी दमट हवा आत बोलावून घ्याल. तासाला लिटरभर घाम सहज जातो, तेव्हा बाटलीत नुसतं पाणी नको. मी मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घेतो, महागड्या पावडरी ज्याला परवडतात त्याने घ्याव्यात.

आता या घामाचं सायकलवर काय होतं ते ऐका. परळला राहणारा आमचा एक मित्र, माणूस शिस्तीचा, आठवड्यातले पाच दिवस ट्रेनरवर. टॉवेल मात्र फक्त तोंड पुसायला. सप्टेंबरअखेर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडची, तयारी म्हणून सायकल बाहेर काढली तर हँडल वळताना कचकच अडकायला लागलं. मेकॅनिककडे नेली. स्टेमच्या, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याच्या, एका बोल्टचं डोकं गंजून इतकं खाल्लं गेलं होतं की ॲलन की आत गोल फिरत होती. शेवटी ड्रिल करून काढावा लागला. हँडल ज्यावर वळतं त्या हेडसेटच्या बेअरिंगमधून तपकिरी पाणी आलं. मग मेकॅनिकने काही न बोलता हँडलची टेप सोडवायला सुरुवात केली. टेपखाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचली होती, ती नखाने खरवडली तर खाली खड्डे. घामातलं मीठ टेपमधून झिरपून आत बसतं आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बार भंगारात गेला. मित्र खर्चाचं रडगाणं गात होता. मी त्याला एवढंच म्हटलं की हाच बार बोरघाट उतरताना ब्रेक दाबल्यावर तुटला असता तर रडायला कोण असतं?

पावसात सायकल काढली की लोक घरी येऊन ती आठवणीने पुसतात. घामाने भिजली की मात्र तशीच उभी. माझी सवय सांगतो: टॉप ट्यूब (फ्रेमची वरची दांडी) आणि स्टेमवर एक जुना पंचा आडवा टाकतो, हँडलवर दुसरा. उतरलो की आधी ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरड्याने, त्यानंतरच अंघोळ. महिन्यातून एकदा स्टेमचे बोल्ट एकेक करून काढायचे, ग्रीसचं बोट फिरवायचं आणि स्टेमवर जितके न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) छापलेत तितकेच आवळायचे. पावसाळा संपला की टेप सोडून पाहायचीच. ‘घाम शोषणारी जाळी’ वगैरे बाजारात मिळते, वाईट नाही, पण ती लावली म्हणून पुसायचं राहिलं तर तिचा काही उपयोग नाही.

दुसरी चूक एमटीबीवाल्यांची, म्हणजे माउंटन बाइकवाल्यांची. गाठीगाठीचा टायर तसाच रोलरवर चढवायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने पहाटे साडेपाचला हा प्रयोग केला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं वर कुणी पिठाची गिरणी टाकली. तीन दिवसांत सेक्रेटरीचं पत्र! गुळगुळीत टायर लावला की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं असं की आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. योगा मॅटने काही होत नाही, जिममध्ये असतो तसा जाड रबराचा मॅट हवा, आणि ट्रेनर खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीच्या किंवा कॉलमच्या जवळ. शिवाय पहिल्या दिवशी खाली जाऊन काकूंना विचारून यावं, ‘आवाज येतो का हो?’ यासारखा स्वस्त उपाय नाही.

टायर घसरतो म्हणून रोलर आवळत सुटणारे वेगळेच. आधी हवा भरा, प्रत्येक वेळी, मोजून. मग रोलर टेकवून कंपनीने सांगितलेत तेवढेच फेरे द्या. जास्त आवळलं की टायर तापतो, काळा भुसा पडतो आणि वॅटचे आकडे खोटे येतात. कॅलिब्रेशनही (ट्रेनरचं वॅटचं माप जुळवून घेणं) थंड ट्रेनरवर करू नका, दहा मिनिटं चालवून मग करा.

मागच्या चाकाचा स्क्युअर (चाक फ्रेमला धरून ठेवणारी दांडी) ट्रेनरसोबत आलेलाच वापरा. फ्रेम कार्बनची असेल तर ट्रेनरवर लावायला कंपनीची परवानगी आहे का ते आधी वाचा.

फोनवरच्या व्यायामाच्या ॲपला ट्रेनर सापडत नाही? दहापैकी नऊ वेळा तो फोनवरच्या दुसऱ्या ॲपला ब्लूटूथने जोडलेला असतो. ते बंद करा. मला रात्री अकराला फोन करू नका.

नवशिक्यांचा उतावळेपणा हा माझा जुना राग. खोका उघडल्या दिवशीच एफटीपी टेस्ट, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील असे जास्तीत जास्त वॅट शोधायची चाचणी! वीस मिनिटं जीव खाऊन चालवायचं, त्या सरासरीचे ९५ टक्के काढायचे आणि तो आकडा मिरवायचा. पंखा नाही, सवय नाही, त्यामुळे आकडा चुकीचा आणि त्यावर बेतलेला सगळा व्यायामही चुकीचा. आधी दोन आठवडे गप्पा मारता येतील इतक्या वेगाने चालवा. कंटाळा येतो? येणारच. अर्ग मोडमध्येही हेच लोक अडकतात. तिथे वॅट ट्रेनर ठरवतो, त्यामुळे तुमचे पाय मंदावले की तो भार वाढवतो, मग पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल थांबतं. अशा वेळी जोर लावू नका. मोड बंद करा, पाय मोकळे फिरवा, लय आली की परत सुरू करा.

सीटवर बूड दुखतं ते सीट वाईट आहे म्हणून नाही. रस्त्यावर खड्डे आणि सिग्नल तुम्हाला आपोआप उठवतात, इथे कुणी उठवत नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहा.

ऑक्टोबरमध्ये बाहेर पडण्याआधी ट्रेनरचा खास टायर काढून रोजचा चढवा, त्या कडक रबराला ओल्या रस्त्यावर पकड नसते. चार महिने ब्रेक दाबलेले नसतात, तेव्हा पॅड आणि केबल बघा. आणि ट्रेनरचा स्क्युअर काढून नेहमीचा लावला असेल तर तो घट्ट बसलाय ना, हे बिल्डिंगच्या गेटच्या आतच तपासा.